एसटी, वडाप आणि एन्रॉन: सरकारी चांगलं का खाजगी, जरा सोप्या भाषेत

सरकारी म्हणजे बोगस आणि खाजगी म्हणजे टकाटक, हे आपल्याकडं साताऱ्यात कुठल्याही टपरीवर चहा यायच्या आत ठरलेलं असतं, आणि ठरवणारा बहुतेक वेळा पोराला सरकारी नोकरी लागावी म्हणून भरतीच्या क्लासची फी भरून आलेला असतो. ते असो. प्रश्न मात्र खरा आहे. एकच काम, समजा बस चालवणं किंवा घरोघरी वीज पोचवणं, सरकारी कंपनीनं केलं तर खर्च जास्त येतो आणि खाजगीनं केलं तर कमी, असं खरंच होतं का? होत असेल तर का होतं, आणि जिथं होत नाही तिथं काय वेगळं असतं? यावर जगभर ढिगानं अभ्यास झालेत आणि त्यांचं एकमत नाहीये, पण त्या सगळ्या भांडणातनं काही गोष्टी बऱ्यापैकी स्पष्ट झाल्यात, त्या सांगतो, उदाहरणं शक्यतो आपल्याच बाजूची घेतो.

आधी एक घोळ निस्तरू. कार्यक्षम म्हणजे नफ्यात, असं आपण धरूनच चालतो. तसं नाही. जे काम सांगितलंय ते कमीत कमी खर्चात आणि दर्जा राखून करणं, ही कार्यक्षमता. नफा तर गबाळा कारभार करूनही होतो, फक्त बाजारात तुम्ही एकटे पाहिजेत आणि लोकांना दुसरीकडं जायला जागा नको. आणि तोटासुद्धा नीट काम करून होऊ शकतो.

एसटी घ्या. सातारा-स्वारगेट विनाथांबा गाडीला सुट्टीच्या दिवशी स्टँडवर रांग असते, गाडी भरून सुटते, मधे चढ-उतार नाही, हायवे चांगला. त्याच विभागाची दुसरी गाडी संध्याकाळी पाटणच्या पुढं डोंगरात कुठल्यातरी वाडीला मुक्कामी जाते. आत कॉलेजची पासवाली पोरं, बाजार करून निघालेल्या दोघी-तिघी बायका, दवाखान्यातनं परतणारा एखादा म्हातारा. शेवटच्या स्टॉपला पोचेपर्यंत गाडीत चार माणसं उरतात, ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपतात आणि पहाटे तीच गाडी माघारी फिरते, कारण सकाळच्या शाळेला आणि तालुक्याच्या कामाला निघणाऱ्यांना तेवढाच आधार. समजा या फेरीला डिझेल, पगार, टायर, सगळं धरून ४००० रुपये खर्च आला आणि तिकिटं १५०० ची फाटली. डेपोच्या कागदावर हा अडीच हजारांचा तोटा. आता याला अकार्यक्षमता म्हणायचं का? ड्रायव्हर नीट चालवतोय, गाडी ॲव्हरेज देतीय, कंडक्टरनं सगळ्यांची तिकिटं फाडलीत. तोटा गाडीचा नाहीये, सांगितलेल्या कामाचा आहे. सांगलीच्या बाजूला जत, आटपाडीकडच्या लांबच्या फेऱ्यांना हेच गणित लागू.

त्यात सवलतींचा बोजा वेगळा. विद्यार्थ्यांना पासात ६६.६७ टक्के सूट, ७५ च्या पुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून फुकट, बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. हे पैसे सरकारनं एसटीला भरून द्यायचे असतात, आणि ते वेळेत येत नाहीत ही एसटीवाल्यांची कायमची रड. वर तिकिटावर १७.५ टक्के प्रवासी कर एसटी सरकारलाच भरते. म्हणजे एका हातानं घ्यायचं, दुसऱ्या हातानं उशिरा द्यायचं, आणि मग विधानसभेत एसटीच्या तोट्यावर भाषण करायचं.

आता वडाप बघा, म्हणजे जीप-ट्रॅक्समधनं होणारी खाजगी प्रवासी वाहतूक. वडापवाल्याइतका कार्यक्षम माणूस शोधून सापडायचा नाही, एक सीट रिकामी जाऊ देत नाही, सीटच कशाला, टपाला लोंबकळायची पण जागा भरतो. भारमान, म्हणजे शंभर सीटमागं किती माणसं, शंभरच्या वर. पण ते कसं येतं, तर गाडी भरेपर्यंत तो हलत नाही. तुम्ही आत बसून पाऊण तास घाम पुसता, तो पाऊण तास त्याच्या हिशोबात धरलेला नसतो, तो तुमच्या खात्यावर जातो. एसटी वेळ झाली की निघते, निम्मी रिकामी असली तरी. मग सीटमागं खर्च काढला की वडाप जिंकतं आणि माणसाचा वेळ धरला की उत्तर बदलतं. दोघांची तुलना करणाऱ्यानं काय मोजलंय हे आधी विचारायचं ते यासाठी.

याचा एक प्रयोगच आपल्या डोळ्यांदेखत झाला. ऑक्टोबर २०२१ च्या शेवटाला एसटीचा संप सुरू झाला तो एप्रिल २०२२ पर्यंत ताणला. सरकारनं खाजगी बस, स्कूलबस, सगळ्यांना प्रवासी घ्यायला परवानगी देऊन टाकली, म्हणजे बाजार पूर्ण मोकळा. झालं काय, तर पुणे-सातारा-कराड-कोल्हापूर हायवेवर माणूस कसाबसा पोचत होता, जास्त पैसे मोजून का होईना. आणि आमच्या बाजूच्या आतल्या गावांत? तिथं कुणी फिरकलं नाही. फिरकणार तरी कशाला, चार माणसांसाठी. पोरं मोटरसायकलवर ट्रिपल सीट नाहीतर चालत. यात ट्रॅव्हल्सवाल्यांची चूक काही नाही, त्यांनी धंदा केला. फक्त मोकळ्या बाजारानं ते काम उचललं नाही एवढं दिसलं.

पण म्हणून एसटीला क्लीन चिट देत नाहीये. तिथं खरी अकार्यक्षमता पण आहे आणि ती कुठनं येते ते बघण्यासारखं आहे.

एका डेपोत काम करणाऱ्या दोस्तानं सांगितलेली गोष्ट. गाडीचा एक साधा पार्ट गेला, किंमत हजाराच्या आत. तोच पार्ट समोरच्या दुकानात आहे, डोळ्यांनी दिसतोय. पण घ्यायचा कसा? मागणी लिहायची, विभागाच्या स्टोअरला आहे का बघायचं, नसेल तर तसं लिहून घ्यायचं, मग स्थानिक खरेदीची मंजुरी, मग कोटेशन, मग सही करणारे साहेब मीटिंगला गेलेले. तोवर गाडी उभी, आणि उभ्या गाडीचं एका दिवसाचं बुडालेलं उत्पन्न त्या पार्टच्या किमतीच्या कितीतरी पट. शेजारचा ट्रॅव्हल्सवाला ड्रायव्हरच्या फोनवरनं दुकानदाराला सांगतो, "दे रे त्याला, संध्याकाळी जीपे करतो," आणि तासाभरात गाडी रस्त्यावर.

मी दोस्ताला म्हटलं, अरे तुमचा साहेब एवढा बावळट आहे का? तो म्हणाला, "साहेब हुशार आहे म्हणून तर सही करत नाही. गाडी चार दिवस उभी राहिली तर त्याला कोण विचारत नाही, पण हजाराचा पार्ट कोटेशन न घेता आणला तर ऑडिटवाला पाच वर्षांनी पत्र पाठवतो." एवढ्यात सगळं आलं. ट्रॅव्हल्सवाला स्वतःचा पैसा स्वतःच्या गाडीवर लावतो, चूक झाली तर भुर्दंड त्यालाच, त्यामुळे त्याला नियम लागत नाहीत. डेपोतला साहेब दुसऱ्याचा पैसा दुसऱ्याच्या गाडीवर लावतो, त्याच्यावर भरवसा ठेवायला मालक समोर नाही, कारण मालक म्हणजे तुम्ही-आम्ही सगळे, आणि आपल्यापासून आमदार, मंत्री, सचिव, एमडी करत करत डेपोपर्यंत एवढी लांब साखळी आहे की मधे कोण काय करतंय आपल्याला कळतच नाही. मग भरवशाच्या जागी नियम येतात. नियम चोरी थोडी थांबवतात आणि काम बरंच थांबवतात.

मोठ्या खाजगी कंपन्यांना हा आजार नसतो असं समजू नका. तिथंही शेअर घेणारा एकीकडं आणि चालवणारा दुसरीकडं, मधे साखळी. सत्यम या आयटी कंपनीत २००९ ला हिशोबाचा केवढा घोटाळा निघाला ते आठवा, २०१८ ला आयएल अँड एफएस ही मोठ्या प्रकल्पांना पैसा पुरवणारी कंपनी कर्जाखाली कशी बसली ते आठवा. पण तिथं एक ब्रेक असतो, पैसे संपले की कंपनी बुडते.

हा ब्रेक म्हणजे या विषयाचं खरं मर्म. यानोश कोर्नाई नावाचा हंगेरीचा अर्थतज्ज्ञ होता, त्यानं तिथल्या समाजवादी राजवटीतले सरकारी कारखाने जवळनं बघितले आणि त्याच्या लक्षात आलं की तोटा झाला तरी सरकार भरून देणार हे मॅनेजरला आधीच माहीत असतं, त्यामुळे तो खर्चाला घाबरतच नाही. त्यानं याला नाव दिलं सॉफ्ट बजेट कन्स्ट्रेंट, आपल्या भाषेत सैल बजेट. बाप प्रत्येक वेळी उधारी भरतोय म्हटल्यावर पोरगं हात आखडता कशाला घेईल. एअर इंडिया हे याचं आपलं ठळक उदाहरण, वर्षानुवर्षं तोटा, वर्षानुवर्षं सरकारी मदत, शेवटी जानेवारी २०२२ मधे १८००० कोटींच्या बोलीवर टाटांकडं गेली, आणि त्यातले २७०० कोटीच रोख होते, बाकीचं कर्ज अंगावर घेणं. त्याच धंद्यात किंगफिशर २०१२ ला आणि जेट २०१९ ला बंद पडली, कारण त्यांना भरून देणारा बाप नव्हता. अर्थात त्यांनी बुडवलेलं कर्ज मोठ्या प्रमाणात सरकारी बँकांचं होतं, म्हणजे फिरून बिल आपल्याकडंच, पण निदान विमानं उडत राहून तोटा वाढत गेला नाही.

जाता जाता एक. बंद पडलेली खाजगी कंपनी आपल्या डोळ्यांसमोर नसते. साताऱ्याच्या जुन्या एमआयडीसीत एक चक्कर मारा, गंजलेली गेटं आणि गवत वाढलेली शेड बघा, ती पण खाजगीच होती. आपण तुलना करतो ती जिवंत राहिलेल्या खाजगी कंपनीची आणि मरू न दिलेल्या सरकारी कंपनीची. म्हणजे एकीकडं नापास झालेली पोरं वर्गातनं काढून टाकायची आणि मग सरासरी काढायची.

मग सैल बजेट हा फक्त सरकारी रोग आहे का? इथं एन्रॉन येतं. गुहागर तालुक्यातला दाभोळ वीजप्रकल्प, कंपनी अमेरिकेतली, शंभर टक्के खाजगी डोकं. पहिला टप्पा ७४० मेगावॅटचा, १९९९ ला सुरू झाला. करार असा की वीज मंडळानं वीज उचलो न उचलो, ठरलेला स्थिर आकार द्यायचाच, तोही डॉलरला बांधलेला, वर राज्य सरकारची हमी आणि केंद्राची प्रतिहमी. दर एवढा महाग पडायला लागला की २००१ मधे मंडळानं वीज घेणं थांबवलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉननं दिवाळं काढलं. खाजगी कंपनी होती, पण धोका सगळा सरकारच्या गळ्यात, मग ती काटकसर कशासाठी करेल? आणि इकडं आपली कोयना, सरकारीच, सगळे टप्पे मिळून १९०० मेगावॅटच्या वर, संध्याकाळी विजेची मागणी सगळ्यात जास्त असते तेव्हा राज्याला तिचाच आधार आणि वीज स्वस्त. याचा अर्थ धरणं सरकारनंच बांधावीत असाही नाही हां, टाटांनी खोपोलीला पाण्यावरची वीज १९१५ ला सुरू केली तेव्हा सरकारी वीज मंडळाचा पत्ता पण नव्हता. मालक कोण हे बघून पुढचं काही सांगता येत नाही, एवढंच म्हणायचंय.

मालकीपेक्षा स्पर्धा जास्त कामाची, हे तर साताऱ्याला कुणी शिकवायची गरजच नाही. महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी १९७५ ला निघाली, पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळाचे २७ टक्के आणि बजाज ऑटोचे २४ टक्के, कारखाना आपल्या साताऱ्यात, आणि स्कूटर कुठली तर प्रिया. निम्मी सरकारी निम्मी खाजगी अशी ही गंमत. त्या काळात बजाजची स्कूटर बुक केली की वर्षानुवर्षं नंबर लागायचा नाही, लोक लग्न ठरायच्या आधी नंबर लावायचे. बजाज खाजगी होती की! तरी गिऱ्हाईक ताटकळत, कारण लायसन्स राजमधे किती स्कूटरी बनवायच्या ते सरकार ठरवायचं आणि समोर दुसरा धड पर्याय नव्हता. एलएमएल, कायनेटिक होंडा आल्या, हीरो होंडाची सीडी १०० आली, आणि तीच बजाज, तोच मालक, पुढं पल्सर बनवून जगभर विकायला लागली. मालक बदलला नव्हता, शेजारी दुकान उघडलं होतं. साताऱ्याच्या कारखान्यात स्कूटर बनवणं २००६ ला थांबलं.

त्याची पुढची गोष्ट पण सांगतो, कारण सरकारनं हिस्सा विकायचा म्हणजे काय होतं ते त्यात दिसतं. महामंडळाचे २७ टक्के बजाजनं घ्यायचे ठरले पण भाव कुठला यावरनं वाद, लवादानं २००६ ला शेअरला १५१ रुपये ६३ पैसे सांगितले, मग हायकोर्ट, मग सुप्रीम कोर्ट, आणि निकाल लागला २०१९ ला. तोवर या कंपनीचा शेअर बाजारात हजारांत गेला होता, कारण स्कूटर बंद असली तरी तिच्याकडं बजाजचे शेअर होते. सरकारचा हिस्सा गेला जुन्या तारखेच्या भावानं अधिक व्याज. कोर्टानं कायद्यानं बरोबरच केलं असेल, पण विकायची वेळ आणि पद्धत चुकली की किती फटका बसतो ते बघा.

विजेचं वाटप हा तर आपल्या राज्यात झालेला सगळ्यात भारी प्रयोग, आणि त्याच्यावर फारसं कुणी बोलत नाही. वीज मंडळाचे २००५ ला तुकडे झाले, त्यातली महावितरण आपल्याला बिल पाठवते. महावितरणनं २००७ ला भिवंडी शहराचं वाटप फ्रँचायझी म्हणून टोरंट पॉवरला दिलं. तारा, खांब मालकीचे महावितरणचे, चालवायचं टोरंटनं. भिवंडीत तेव्हा निम्म्याहून जास्त वीज चोरी, गळती आणि थकबाकीत जात होती. टोरंटनं मीटर बदलले, ट्रान्सफॉर्मर टाकले, वसुली लावली, आणि काही वर्षांत ते प्रमाण आधीच्या निम्म्याच्या पण खाली आणलं. झालं, खाजगी जिंदाबाद. मग तोच फॉर्म्युला २०११ ला औरंगाबाद, जळगाव, नागपूरला वापरला. औरंगाबादचा ठेका २०१४ ला संपवावा लागला, जळगावचा २०१५ ला, नागपूरवाले २०१९ ला बाहेर पडले, आणि तिन्ही ठिकाणी महावितरण परत आली. करार त्याच धर्तीचा, मालक खाजगीच, निकाल वेगळा. फरक कशात, तर ठेकेदाराची पैसे लावायची ताकद किती, बोली लावताना आकडे किती फुगवले, आणि गावची परिस्थिती काय. भिवंडीत यंत्रमाग होते, वीज नीट मिळाली की कारखानदार पैसे भरायला तयार होता.

उलटी बाजू पण आहे. सिंगापूर एअरलाइन्समधे सगळ्यात मोठा हिस्सा तिथल्या सरकारच्या टेमासेक कंपनीचा, आणि तरी ती जगातल्या चांगल्या विमान कंपन्यांत धरतात. सरकार मालक आहे पण रोजच्या कारभारात हात घालत नाही आणि तोटा भरून द्यायचं आश्वासन देत नाही. आपल्याकडं बीएसएनएलला खाजगी कंपन्यांच्या जोडीनं ४जी चालवू दिलं नाही, त्यासाठी लागणारा स्पेक्ट्रम, म्हणजे लहरी वापरायचा हक्क, द्यायचा निर्णय झाला २०१९ च्या सरकारी पॅकेजमधे, तोवर २०१६ ला आलेल्या जिओनं बाजार खाऊन टाकला होता. धावायच्या आधी पाय बांधायचे आणि मग शर्यत हरली म्हणून बोंबलायचं, यात कर्मचाऱ्यांच्या कामचुकारपणाचा वाटा किती आणि दिल्लीच्या फायलींचा किती हे ज्याचं त्यानं ठरवावं.

सरकारी आणि खाजगी यांच्यात आपण समजतो तेवढी जाड भिंत नसतेच मुळी. किर्लोस्करवाडी घ्या, लक्ष्मणराव किर्लोस्करांचा खाजगी कारखाना, १९१० चा, पण जागा आणि सुरुवातीचं कर्ज दिलं औंधच्या पंतप्रतिनिधींनी, म्हणजे त्या वेळच्या सरकारनं. आणि टेंभू, ताकारी, म्हैसाळच्या उपसा योजना पूर्ण सरकारी, वीजबिल थकलं की पंप बंद, मग सरकारनं दुष्काळासाठी ठेवलेल्या टंचाईच्या पैशातनं बिल भरायचं, असं करत करत शेवटी ८१ टक्के बिल सरकार भरणार आणि १९ टक्के शेतकरी असं ठरलं. मला हे ८१-१९ आवडतं, खरं सांगतो. आकडा बरोबर का चूक यावर भांडता येईल, पण निदान सरकार किती भरतंय ते उघड लिहिलेलं आहे. जत तालुक्याला पाणी द्यायचं हा निर्णय राजकीय आहे, तो तसाच घ्यावा आणि त्याचं बिल राजकारणानं भरावं. पंप चालवणाऱ्या खात्याला तोट्यात म्हणून हिणवू नये.

एसटीबद्दल माझं मत पण तेच. वाडीवस्तीच्या फेऱ्यांचा खर्च वेगळा काढा, तेवढे पैसे सरकारनं महिन्याच्या महिन्याला द्या, आणि मग उरलेल्या फेऱ्यांवर, सातारा-स्वारगेट, सांगली-पुणे, कराड-मुंबई, तिथं ट्रॅव्हल्सबरोबर सरळ तुलना करा. तिथं एसटी मागं पडली तर मग कुठलं कारण चालणार नाही, डेपो मॅनेजरला धरा. आज दोन्ही एकाच पोत्यात घातलंय, त्यामुळे चांगल्या डेपोची पण बदनामी आणि वाईट डेपोला पण लपायला जागा. आणि हो, एसटी आहे म्हणून ट्रॅव्हल्सवर पण जरा वचक आहे, २०१८ ला सरकारनं त्यांना जास्तीत जास्त भाडं ठरवून दिलं ते एसटीच्या दीडपट असंच. दिवाळीत तो नियम कितपत पाळतात ते वेगळं सांगायला नको, पण दीडपट मोजायला एक एसटी तर लागते.

आणि खाजगीकरण केलं म्हणजे सरकारी डोकेदुखी संपली असंही नाही. शिवशाही आठवते ना, २०१७ पासनं. त्यातल्या बऱ्याच गाड्या ठेक्याच्या होत्या, गाडी आणि ड्रायव्हर ठेकेदाराचा, कंडक्टर एसटीचा, पैसे किलोमीटरवर. आता किलोमीटरवर पैसे म्हटल्यावर ठेकेदाराला काळजी गाडी किती पळाली याची, आत एसी चालू आहे का, सीट फाटलीय का, गाडी खंबाटकीत बंद पडली तर दुसरी कधी येणार, याची नाही. ती काळजी त्याला लावायची तर दंड ठेक्यात बारकाईनं लिहावा लागतो, आणि तो वसूल करायला डेपोत कुणीतरी ताठ कण्याचा माणूस लागतो, जो परत सरकारीच असतो.